स्वप्नगंधाचं खातं

"नाव काय लिहू?" काउंटरमागच्या कारकुनानं विचारलं.

"वत्सला गणपत..." मी सुरुवात केली.

"स्वप्नगंधा," अप्पासाहेब वनारसे म्हणाले. "सौभाग्यवती स्वप्नगंधा जगदीश वनारसे. लिहा."

कारकुनानं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग गळ्याकडं. माझ्या गळ्यात काहीच नव्हतं. माझ्यामागं माझे वडील उभे होते, त्यांच्या गळ्यात मात्र मापाची टेप होती. आबा आमच्या शिंपीकामाच्या दुकानातून तसेच उठून आले होते.

"लग्न झालंय का यांचं?" कारकुनानं विचारलं.

"वैशाखात आहे. नाव तेव्हा बदलणारच. मग परत अर्ज करा, परत सही बदला, परत तुम्हाला त्रास. त्यापेक्षा आत्ताच उरकून टाकू. ओळख मी देतोय ना?"

कारकुनानं नाव लिहायला घेतलं. त्या काळी खातं उघडायला फोटोचं कार्ड वगैरे काही लागत नसे. बँकेच्या जुन्या खातेदारानं फॉर्मवर सही करायची, की या व्यक्तीला मी ओळखतो. झालं. आमच्या गावात ती सही अप्पासाहेबांची असायची. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस, सही करायची खोड काही जात नव्हती. निम्म्या गावाची ओळख त्यांनी दिली होती, आणि त्या निम्म्या गावाला ते रस्त्यात थांबवून विचारायचे, "काय, खातं चाललंय ना बरं?" जणू व्याज तेच खिशातून देत होते.

आता नावाचं सांगते. वत्सला हे माझ्या आजीचं नाव. बघण्याच्या कार्यक्रमातच ते अप्पासाहेबांना खटकलं होतं. "वत्सला म्हणजे कसं, सत्तर वर्षांची बाई डोळ्यापुढं येते," असं ते पोह्याची बशी हातात धरून माझ्या तोंडावर म्हणाले. लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत आमच्यातही होती. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. पण अप्पासाहेबांना तांदळापर्यंत दम कुठला! साखरपुड्यातच त्यांनी जाहीर केलं, स्वप्नगंधा. नाव कसलं, अगरबत्तीचा पुडा.

कारकुनानं फॉर्म पुढं सरकवला. मी आयुष्यात पहिल्यांदा बँकेत सही केली ती अशी, दुसऱ्याच बाईची. अप्पासाहेबांनी खाली ओळख देणाऱ्याचा रकाना भरला आणि मोठ्यानं वाचून दाखवला, "सदर व्यक्तीस मी गेली पाच वर्षे व्यक्तिशः ओळखतो. नाते, सून." मला ते पाच आठवडे ओळखत होते, तेही चहापोहे धरून.

"पत्ता आमचाच टाका," ते म्हणाले. "आणि पासबुक माझ्याकडं राहील. घर तेच आहे तिचं."

फॉर्मवर नजर ठेवून आबा टेपचं टोक बोटाला गुंडाळत होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आपलं नाव कुठंच आलं नाही गं त्यात."

"लग्नानंतर जाणारच होतं आबा."

"हो, जाणारच होतं," आबा म्हणाले आणि दुकानाकडं वळले.

आई मी शाळेत असतानाच गेली होती. घरात आम्ही दोघंच. आबांचं स्वतःचं बँकेत खातं नव्हतं. त्यांची सगळी कमाई शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनांच्या शेजारी.

मी दूध संघात फॅट काढायला होते. म्हणजे गावोगावच्या दुधाचे नमुने यायचे, ते नळीत घ्यायचे, ॲसिड घालायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचे आणि दुधात फॅट किती ते सांगायचं. पाणी घातलं असेल तर तेही कळायचं. त्यामुळं पंचक्रोशीतले लोक मला मनापासून शिव्या देत. दुधातलं पाणी मला बरोबर ओळखू यायचं, माणसांतलं ओळखायला जरा वेळ लागला.

नोकरी तात्पुरती होती. संघाच्या केमिस्ट बाईंनी मला बजावलं होतं, "मिरजेला लॅबचा एक वर्षाचा कोर्स कर. परत आलीस की तुला कायम करून घ्यायचं माझ्याकडं लागलं. नाही केलास, तर कोर्स केलेली दुसरी मुलगी येईल आणि तुला घरी जावं लागेल." फी आणि वसतिगृह धरून रक्कम मोठी होती. आबांच्या ड्रॉवरमधून ती निघणार नव्हती, माझ्या पगारातूनच साठवायची होती. वनारसे मला बघायला आले होते तेव्हाच मी हे सांगितलं होतं.

"शिक की!" अप्पासाहेब तेव्हा म्हणाले होते. "आम्ही सुधारलेले लोक आहोत. आणि हुंड्याचं तर नावच काढू नका गणपतराव, एक पैसा नको आम्हाला. तत्त्वाचा प्रश्न आहे."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं त्या वाक्यानं. त्याच भरात त्यांनी अप्पासाहेबांना लग्नासाठी कोट शिवून द्यायचं कबूल केलं. कापडासकट.

दर महिन्याला पगाराचं पाकीट मिळालं की मी बँकेत जायची, स्लिप भरायची आणि पैसे स्वप्नगंधाच्या नावावर टाकून यायची. सुरुवातीला मजाच वाटायची, खोटं कशाला बोलू! जगदीश मला आवडला होता. गोरा, हसतमुख, कधी कुणाला दुखावणार नाही असा. साखर कारखान्यात तो टाइमकीपर होता. हजारभर कामगारांच्या वेळा लिहायचा, पण त्याच्या स्वतःच्या आयुष्यातलं काही ठरवायची वेळ आली की त्याचं एकच उत्तर असायचं, "अप्पांना विचारतो."

फाल्गुनात निरोप आला की लग्न पुढच्या वर्षी. वनारशांच्या घरावर माडी चढवायला काढली होती आणि ती झाल्याशिवाय सून आणायची नाही असं ठरलं होतं. वर्ष गेलं. विटा आल्या, वाळू आली, भिंती आल्या. माझा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जात होता. मेमध्ये मिरजेहून पत्र आलं, प्रवेश मिळालाय, जूनच्या आत फी भरा.

मी पासबुक मागायला त्यांच्या घरी गेले. जगदीश ओट्यावर वाळूच्या ढिगाशेजारी पेपर वाचत बसला होता. अप्पासाहेब वर बांधकामावर होते, तिथूनच म्हणाले, "ये सूनबाई, तुझी खोली बघ! खिडकी पूर्वेला काढलीय."

"छान आहे. अप्पा, पासबुक हवं होतं. कोर्सची फी भरायचीय."

ते खाली उतरले. धोतर झटकलं. चेहऱ्यावर इतकं प्रेम आणलं की मलाच धाकधूक वाटायला लागली.

"असं बघ, स्लॅब टाकायचाय. सळई महाग झालीय. मी म्हटलं, सूनबाईचं साठलेलं आहेच, ते आत्ता वापरू. कोर्स काय, लग्नानंतरही होतो."

"लग्नानंतर नोकरीच राहणार नाही मला अप्पा. बाई दुसरी मुलगी घेतील."

"मग नको करू नोकरी! माडीवर राहणारी बाई लोकांचं दूध कशाला तपासत बसेल?"

"पण ते पैसे माझ्या कोर्सचे आहेत."

"अगं वेडे, खोली कुणाची आहे? तुझीच ना? तुझे पैसे तुझ्याच डोक्यावर घालतोय मी. आम्ही काय हुंडा मागतोय?"

हुंडा मागितला असता तर आबांनी निदान घासाघीस तरी केली असती. इथं तर माझाच पगार, माझीच खोली, माझीच पूर्वेची खिडकी. फक्त घर त्यांचं.

मी जगदीशकडं पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

जगदीशनं पेपर खाली केला. "अप्पा म्हणतायत तर..." तो म्हणाला आणि पेपर परत वर घेतला.

तिथं माझं डोकं सणकलं. पण त्याबरोबर एक गोष्ट लक्षातही आली. पत्ता त्यांचा होता, पासबुक त्यांच्या कपाटात होतं, नाव त्यांनी ठेवलेलं होतं. पण पैसे काढायला सही लागणार होती, आणि ती फक्त मलाच येत होती.

"बरं," मी म्हणाले. "उद्या बँकेत या पासबुक घेऊन. मी सही करते."

"शहाणी आहेस," अप्पासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत आले ते बाजारच्या गर्दीतून वाट काढत, चार जणांचे नमस्कार घेत. आठवडी बाजाराचा दिवस, बँक तुडुंब भरलेली. पैसे काढायची स्लिप त्यांनी घरूनच भरून आणली होती, खात्यातली सगळी रक्कम. फक्त सहीची जागा मोकळी होती. मी सही केली. स्व, प्न, गं, धा. दीड वर्षात हात चांगला बसला होता.

कारकुनानं सही ताडून पाहिली, पासबुकात नोंद केली आणि पितळेचा बिल्ला पुढं केला. बिल्ल्याचा नंबर पुकारला की कॅशियरच्या जाळीसमोर जायचं आणि पैसे घ्यायचे. अप्पासाहेबांनी हात पुढं केला.

"खातेदाराला द्यावा लागतो," कारकून म्हणाला आणि बिल्ला माझ्या हातावर ठेवला.

मी तो मुठीत घट्ट धरला. आम्ही बाकावर बसलो. "आण तो इकडं," अप्पासाहेब म्हणाले.

"राहू दे माझ्याकडं."

"अगं, एवढी रक्कम बाईमाणसानं घ्यायची म्हणजे..."

"अप्पा," मी म्हणाले. "हे पैसे मी मिरजेला भरणार आहे. स्लॅबचं तुम्ही बघा."

आधी ते हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. मग माझं तोंड बघून त्यांचं हसू उतरलं, आणि ते ताडकन उठून कॅशियरच्या जाळीवर थापा मारायला लागले.

"पेमेंट थांबवा! थांबवा पेमेंट! फसवणूक आहे ही!"

आतल्या केबिनमधून मॅनेजर गेडाम साहेब बाहेर आले. चंद्रपूरकडचा सावळा, शांत माणूस, नुकताच बदलून आलेला. खातं उघडलं तेव्हाचा मॅनेजर अप्पासाहेबांचा दोस्त होता, तो केव्हाच बदलून गेला होता. अप्पासाहेबांनी याला अजून चहाला बोलावलं नव्हतं.

"काय झालं जी?"

"ही पोरगी दुसऱ्याच्या नावानं पैसे काढतेय! या नावाची बाईच नाही. ही स्वप्नगंधा वनारसे नाही, ही वत्सला! वत्सला गणपत उंडाळे, गणपत शिंप्याची पोरगी. लग्न झालेलं नाही हिचं. माझ्या घराण्याशी हिचा काडीचा संबंध नाही!"

दीड वर्षात त्यांच्या तोंडून माझं खरं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि काय खणखणीत उच्चारलं होतं त्यांनी, बाजारापर्यंत गेलं असेल.

गेडाम साहेबांनी घाई केली नाही. कारकुनाला खातं उघडण्याचा फॉर्म आणायला सांगितलं, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचला.

"'सदर व्यक्तीस मी गेली पाच वर्षे व्यक्तिशः ओळखतो. नाते, सून.' ही सही कोणाची आहे?"

"माझी," अप्पासाहेब म्हणाले. "पण ते..."

"आणि आता तुम्ही म्हणून राहिले की अशी बाईच नाही."

"म्हणजे, होणार होती..."

"मग पाच वर्षं कोणाला ओळखून राहिले होते तुम्ही?"

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग मागून एक म्हातारा भाजीवाला ओरडला, "अप्पा, माझी बी वळख तुमीच दिलीया. मी तरी हाय का न्हाई, तेवढं सांगा!"

सगळी बँक हसली. कॅशियर हसला, कारकून खाली वाकून हसला. मला हसू आलं नाही. मला फक्त बिल्ल्याची कड तळहाताला रुतत होती ते कळत होतं.

"अप्पासाहेब, बसा नं," गेडाम साहेब सौम्यपणे म्हणाले. "असं बघा, या शाखेत तुमच्या ओळखीची खाती पुष्कळ आहेत. एक ओळख खोटी निघाली, तर मला वर लिहावं लागेल आणि सगळीच खाती काढून तपासावी लागतील. तुमच्या सहीवर पुन्हा कोणी खातं उघडणार नाही ते वेगळंच. नाहीतर दुसरा उपाय आहे. सही यांची, पैसे यांनी भरलेले, ते तर कारकूनच सांगतो. हे खातं आज बंद करू. यांच्या खऱ्या नावानं दुसरं उघडू, रक्कम तिकडं वळती करू. चूक दुरुस्त झाली, माझ्यापुरता विषय संपला."

अप्पासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "हो हो. करा की तसं."

"फक्त ओळख लागेल," गेडाम साहेब म्हणाले. "यांना ओळखणारा खातेदार."

मग मीच वळून म्हणाले, "अप्पा, मला ओळखता ना तुम्ही? आत्ता तर बापाच्या नावासकट सांगितलंत सगळ्यांना."

त्यांनी माझ्याकडं जे पाहिलं, ते आठवलं की अजून मला बरं वाटतं. पण करतात काय! हसणारी रांग समोर, गेडाम साहेब शेजारी, फॉर्म टेबलावर. त्यांनी पेन काढलं. मी वर माझं नाव लिहिलं, खाली माझी सही केली. ती मला नीट जमली नाही, हात पार स्वप्नगंधाच्या सवयीचा झाला होता. अप्पासाहेबांनी 'व्यक्तिशः ओळखतो' लिहिलं, आणि पुढच्या रकान्यापाशी पेन अडलं.

"नाते," गेडाम साहेबांनी वाचलं. "तेही भरा जी. रिकामं चालत नाही."

अप्पासाहेबांनी दाबून लिहिलं, "काही नाही." आणि खाली ती प्रसिद्ध सही ठोकली.

झालं! ना बैठक, ना मध्यस्थ, ना निरोपानिरोपी. साखरपुडा मोडल्याचा असा सही-शिक्क्याचा कागद अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाकडं नसेल.

जगदीश पुढं एकदा संघाच्या फाटकाशी आला होता. "झालं ते चुकीचं झालं," म्हणाला. मी विचारलं, "हे अप्पांना विचारून सांगताय का?" तर उत्तर द्यायच्या आधी त्यानं वळून मागं पाहिलं. तेवढंच पुरलं मला. पण त्या रात्री मी रडले, हेही सांगून टाकते.

त्या दिवशी बँकेतून मी थेट दुकानात गेले. आबा अप्पासाहेबांच्या कोटाला अस्तर लावत होते. चांगलं राखी कापड, आबांनी उधारीवर आणलेलं.

"आबा, लग्न मोडलं."

आबांच्या ओठात टाचणी होती. त्यांनी ती काढून उशीत खोचली. "कुणी मोडलं?"

"त्यांनीच. लेखी दिलंय." मी सगळं सांगितलं. सांगताना मला भीती वाटत होती. मोडलेल्या साखरपुड्याची पोर घरात ठेवायची म्हणजे त्या काळी बापाची काय अवस्था होते ते मला माहीत होतं. आबा ऐकत राहिले. ना रागावले, ना धीर दिला.

"पैसे?" त्यांनी विचारलं.

मी नवं पासबुक त्यांच्या हातात दिलं. आबांनी चष्मा लावला. वाचायला त्यांना वेळ लागायचा, एकेक अक्षर बोटानं धरून वाचायचे. रकमेकडं त्यांनी पाहिलंच नाही. पहिल्या पानावरच बोट थांबलं.

"कुमारी... वत्सला... गणपत..." ते थांबले. परत मागं जाऊन वाचलं. "वत्सू, अगं, यात माझं पण नाव आहे की."

"मग! तुमचंच नाव आहे आबा. दुसरं कुणाचं असणार?" मी म्हणाले आणि मला रडू फुटलं, बँकेत अडवून धरलेलं सगळं एकदम.

आबांनी मला रडू दिलं. पासबुक पिशवीत नको म्हणाले, मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, परत काढलं, पुसलं, परत ठेवलं. मग कोट मांडीवर ओढला आणि उलटा करून शिवण बघायला लागले.

"बँकेत मला पण एक खातं काढून देतील का गं?"

"देतील. पण ओळख लागते आबा."

"तू आहेस की," आबा म्हणाले, आणि ब्लेड घेऊन कोटाची बाही उसवायला लागले.